दहा मिनिटांत बंद पडणारा ग्रासकटर



भाताची कापणी-मळणी उरकली की आपल्या फोंडाघाट परिसरात पुढचे काम दारात उभेच असते. ते म्हणजे काजूच्या बागेतील गवत काढणे. गवत वेळेवर निघाले नाही तर दोन तोटे होतात. झाडाखाली पडलेल्या बिया गवतात हरवतात, हा पहिला. दुसरा त्याहून मोठा. वाळल्या गवताला ठिणगी लागली तर वर्षानुवर्षे जपलेली झाडे एका दुपारी वणव्यात जातात. मजूर मिळणे कठीण, म्हणून आता वाडीवाडीत ग्रासकटर आला आहे. त्याच्याबरोबर एक तक्रारही आली आहे : "सायबानू, धा मिनटां बरो चलता, मगे गप पडता."

अशा वेळी आपण काय करतो? पेचकस घेतो आणि कार्बुरेटरचे स्क्रू फिरवू लागतो. हीच चूक मीही केली आहे. कृषी पदवी घेतलेल्या माणसाने केली, म्हणून अधिक वाईट. माझ्या बागेतील यंत्र अडखळत होते. पेट्रोलही वाचेल या हिशेबाने मी स्क्रू आवळला. आवाज छान चढला, मी खूश झालो, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरला गेला. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. पेट्रोल कमी केले म्हणजे तेलही कमी केले, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. यंत्राचा मूळ दोष स्क्रूमध्ये नव्हताच. पेट्रोल पुरेशा दाबाने पोचत नव्हते.

हा दाब कोण सांभाळतो, ते आधी समजून घेऊ.

मोटारसायकलची टाकी वर आणि कार्बुरेटर खाली असतो. पेट्रोल आपल्या वजनाने उतरते, वाटीत साठते आणि पुरेसे भरले की तरंगता फ्लोट सुई दाबून वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकसारखेच हे काम आहे. पण ग्रासकटर आपण तिरका धरतो, उतारावर फिरवतो. तिथे फ्लोट चालणार कसा? म्हणून त्याला पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बुरेटर असतो.

त्यात दोन पातळ पडदे असतात. पिस्टन वर-खाली होताना इंजिनाच्या पोटात दाब कमी-जास्त होतो. त्या ठोक्यांवर पहिला पडदा हलतो आणि पंपासारखे पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. पुढे एक बारीक सुई स्प्रिंगच्या जोराने वाट अडवून बसलेली असते. इंजिनाने पेट्रोल ओढले की बाहेरची हवा दुसरा पडदा आत दाबते. पडदा एका छोट्या तरफेवर टेकतो, सुई उचलली जाते आणि लागेल तेवढेच पेट्रोल आत येते. तरफ प्रमाणापेक्षा वर असेल तर पेट्रोल जादा येऊन इंजिन गुदमरते. खाली असेल तर ते उपाशी राहते.

ही करामत शर्यतीच्या मैदानावरही चालते. घाट चढून कोल्हापूरला गेलात तर तिथे कार्टच्या छोट्या गाड्या पळताना दिसतील. जमिनीलगत बसणारी, चार चाकांची ही गाडी १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी प्रथम तयार केली. तिला बसवलेले इंजिन होते गवत कापण्याच्या यंत्राचे! पुढे लाकूड कापण्याच्या चेनसॉची इंजिनेही कार्टवर आली आणि त्यांच्याबरोबर पडद्याचा कार्बुरेटरही. आजही अनेक कार्टवर तोच असतो. सुई किती दाबाला उघडते, हे ते लोक गेज लावलेल्या हातपंपाने मोजतात. अनेक कार्ट इंजिनांवर हा दाब दर चौरस इंचाला दहा पौंडांच्या आसपास ठेवतात. सुई लवकर उघडली तर वळणानंतर वेग घेताना पेट्रोल जादा होते, उशिरा उघडली तर कमी पडते. शर्यतवाला त्यासाठी स्प्रिंग बदलतो. आपण तसे करू नये. आपल्याला हवा आहे तो कारखान्याने बसवलेला दाब, आणि तो बिघडला कशाने याचा शोध.

तो शोध पुढील क्रमाने घ्यावा. आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, प्लगची वायर काढावी आणि चूल, विडी यांपासून दूर बसावे.

१. टाकीचे झाकण : पेट्रोल खाली जाते तेवढी हवा टाकीत यायला हवी. हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. यंत्र बंद पडल्यावर झाकण सैल करताना 'फुस्स' आवाज झाला आणि झाकण पुन्हा लावल्यावर यंत्र सुरू झाले, तर दोष सापडला. छिद्र साफ करा. मात्र झाकण सैल ठेवून काम करू नका. पेट्रोल अंगावर सांडेल.

२. टाकीतील फिल्टर : नळीच्या टोकाला असतो. वाकवलेल्या तारेने हळूच बाहेर ओढावा. काळा किंवा चिकट झाला असल्यास बदलावा.

३. नळ्या : कडक झालेल्या किंवा चिरलेल्या नळीतून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. हाताने दाबायच्या फुग्यात सतत बुडबुडे दिसत राहिले तर इथेच पाहावे.

४. पडदे : कार्बुरेटर उघडताना कोणता पडदा आणि कोणते गॅस्केट कोणत्या क्रमाने निघाले, ते कागदावर मांडून ठेवावे. पडदा कापडासारखा मऊ हवा. तो कडक किंवा सुरकुतलेला असेल तर आपल्या मॉडेलचा पूर्ण संच बदलावा. तरफेची उंची पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. हे काम जमत नसेल तर मेकॅनिककडे द्यावे.

५. स्क्रू : हे चारही ठीक असतील तरच स्क्रूला हात लावावा, तोही पुस्तिकेत दिले आहे तेवढाच.

पडदे कडक का होतात? आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. आपल्याकडील पावसाळ्यात वेगळे काय सांगावे! काम संपल्यावर पेट्रोल यंत्रात महिनोन्‌महिने राहिले तर त्याचा चिकट थर बसतो आणि रबरी भागांनाही ते मानवत नाही. म्हणून यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे. पुढच्या वेळी ताजे पेट्रोल भरावे. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. एकास पन्नास सांगितले असेल तर एक लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल वेगळे असते. त्याच्या पेट्रोलमध्ये ते मिसळू नये.

घरातील माताभगिनींनीही ही माहिती वाचावी. बागेत यंत्र बंद पडले की ते सुरू करण्याची घाई पुरुषांना होते. शांतपणे झाकणाचे छिद्र पाहायला सुचते ते बहुधा घरच्या बाईलाच, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा यंदा गवताला हात घालण्यापूर्वी एक संध्याकाळ यंत्राला द्या. पेचकस हाती घ्याल तो सर्वांत शेवटी. बाग वेळेवर स्वच्छ झाली तर काजूची बीही सापडेल आणि वणव्याच्या दिवसांत रात्रीची झोपही लागेल.