बंद दाराआड कोणी बसावे, कोणी बोलावे?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीस आम्ही हजर होतो. हिशेबाचा विषय निघाला, तोच कार्यवाहांनी दार लोटून घेतले आणि ‘आता ही गुप्त बैठक आहे’ असे म्हणून मंडळाच्याच एका सभासदास बाहेर जाण्याची खूण केली. हिशेबाविषयी अडचणीचे प्रश्न विचारणारे तेवढेच एक गृहस्थ होते. ते भिडेखातर उठून गेले आणि आम्ही बाकीचे भिडेखातरच गप्प बसलो. ते गप्प बसणे आम्हांला अजून बोचते; कारण नुसते दार लोटून सभासदाला उठविण्याचा अधिकार कार्यवाहांना नव्हता, अध्यक्षांनाही नव्हता.

सभेत हजर राहणे, बोलणे आणि मत देणे हे तीन निरनिराळे अधिकार आहेत. सभासदाला सामान्यतः तिन्ही असतात. बाहेरच्या माणसाला मुळात एकही नसतो. संस्थेच्या उघड्या सभेत तो बसतो तो सभेच्या सौजन्याने. बैठक गुप्त ठरली म्हणजे हे सौजन्य तेवढे काढून घेतले जाते. सभासदांचे हक्क जागच्या जागी राहतात.

हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करातील इंजिनिअर अधिकाऱ्याने १८७६ साली सभानियमांचे एक पुस्तक काढले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांप्रमाणे तिकडच्या असंख्य संस्था आजही चालतात. त्यातला नियम असा की, गुप्त बैठकीत सभासद, खास बोलावलेली माणसे आणि सभेला आवश्यक वाटतील तेवढे नोकर यांनीच बसावे. तिथे बोललेले बाहेर फोडू नये. अशा बैठकीचे इतिवृत्तही गुप्त बैठकीतच वाचून मंजूर करावे. सभासदाविरुद्ध आरोपाची रीतसर चौकशी असेल, तर त्याने आपली बाजू पुरती मांडावी आणि निर्णयाचा विचार सुरू होताना बाहेर जावे. म्हणजे बाहेर जाणे येते ते बोलून झाल्यावर, आधी नव्हे.

आता आपल्या लोकसभेकडे पाहू. सभागृहाच्या नेत्याने विनंती केली म्हणजे अध्यक्ष गुप्त बैठकीसाठी दिवस किंवा त्याचा काही भाग मुक्रर करतात. त्या वेळी सभागृहात, लॉबीत वा गॅलरीत परक्या माणसाला मज्जाव असतो. राज्यसभेचे सदस्य मात्र आपल्या गॅलरीत बसू शकतात, आणि अध्यक्ष ज्यांना परवानगी देतील तेही. खाजगी टिपण कोणी ठेवायचे नाही. आतली हकीकत फोडणे हा विशेषाधिकाराचा गंभीर भंग मानला जातो.

या नियमांत ते तीन अधिकार कसे वेगवेगळे ठेवले आहेत ते पाहण्यासारखे आहे. लोकसभेच्या प्रवर समितीचे काम चालू असता समितीबाहेरच्या सदस्याला तिथे हजर राहता येते. पण त्याने समितीच्या सदस्यांत बसायचे नाही आणि बोलायचेही नाही. मंत्री समितीचा सदस्य नसला तरी समितीच्या अध्यक्षांच्या परवानगीने बोलू शकतो. उलट, घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्र्याला आणि महान्यायवादीला दोन्ही सभागृहांत बोलता येते. पण त्या अनुच्छेदाने मताचा अधिकार मिळत नाही. एक हजर आहे पण मुका, दुसरा बोलतो पण त्याचा हात मोजला जात नाही.

दार बंद करण्याचा निर्णय कोणाचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत पूर्वी एका सदस्याने ‘परकी माणसे दिसताहेत’ एवढे म्हटले की गॅलऱ्या रिकाम्या कराव्या लागत. १८७५ साली बिगर नावाच्या आयरिश सदस्याने हे शब्द उच्चारले, तेव्हा गॅलरीत खुद्द युवराज बसले होते. त्यांनाही बाहेर जावे लागले! त्याच वर्षी कॉमन्सने ठरविले की, अशी हरकत आली म्हणजे चर्चा न करता लगेच मत घ्यावे. एकाच्या लहरीवर दार बंद होणे त्यांना परवडले नाही. आपल्या संस्थांना तरी ते का परवडावे?

शिवाय प्रसंग गंभीर आहे म्हणून दार लावलेच पाहिजे असेही नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनशी युद्ध चालू असताना लोकसभेची गुप्त बैठक घ्यावी अशी सूचना पुढे आली होती. पंतप्रधान नेहरूंनी ती मानली नाही, आणि पराभवाच्या बातम्या येत असताना ती चर्चा उघडपणे झाली.

आपण सारे कुठल्या ना कुठल्या वाचनालयाचे, शाळेच्या मंडळाचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतो. तिथे प्रथम त्या संस्थेची घटना आणि लागू असलेला कायदा पाहावा. मग दार लोटले जाऊ लागले, की शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोणत्या नियमाने? सभेने ठरविले काय? आणि ज्यांना उठवता आहात ते सभासद आहेत की पाहुणे? आम्ही त्या दिवशी एवढे विचारले असते, तर ते गृहस्थ आपल्या खुर्चीवरच राहिले असते आणि हिशेबाचे प्रश्नही.