पेशींनाही गादीचा मऊपणा कळतो

‘प्रयोगशाळेत कृत्रिम ऊती’ अशी बातमी आली की डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या घरात पहिला प्रश्न येतो : आता मूत्रपिंड मिळेल का? त्या आशेची किंमत मोठी आहे, म्हणून उत्तर स्पष्ट द्यायला हवं. यातल्या बऱ्याच प्रयोगशाळा रोपणासाठी अवयव बनवतच नाहीत. त्या पेशींना शरीरासारखी जागा करून देतात आणि तिथे आजार कसा वाढतो ते पाहतात.

‘जागेनं काय होतं, पेशी ती पेशीच’ हा त्याहून खोल रुजलेला गैरसमज. पेशी वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या बशीत वाढवल्या गेल्या. मेंदूचा टणकपणा जेमतेम एक किलोपास्कल, स्नायूचा साधारण 8 ते 17; प्लॅस्टिकचा लाखोंच्या घरात. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अॅडम एंगलर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर यांनी अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल वेगवेगळ्या टणकपणाच्या जेलवर ठेवल्या. खाद्य सगळ्यांना एकच. मऊ जेलवरच्या पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटले, मधल्या जेलवरच्या स्नायूंकडे झुकल्या, कडक जेलवरच्या हाडाकडे. पेशी पायाखालची जमीन धरून ओढते आणि ती किती दाद देते यावरून आपली जागा ओळखते.

हे जेल म्हणजे पॉलिअॅक्रिलामाइड. पाण्यासारखं पातळ मिश्रण काचेच्या पट्टीवर थेंबभर सोडायचं, वरून दुसरी छोटी काच ठेवायची. थोड्या वेळात ते चायना ग्रासच्या जेलीसारखं धरतं. साखळ्या जोडणाऱ्या रसायनाचं प्रमाण वाढवलं की जेल कडक. पेशींना पकड मिळावी म्हणून वर कोलॅजेन या प्रथिनाचा पातळ थर. त्या शोधनिबंधातले सेन पुढे पवईच्या आयआयटीत आले. कर्करोगाच्या पेशी भोवतालच्या जाळ्यातून वाट कशी काढतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

कर्करोगाच्या गाठीचा टणकपणा हे नुसतं लक्षण, असंही वाटतं. संशोधक व्हॅलरी वीव्हर यांच्या गटानं 2005 मध्ये दाखवलं की मऊ जेलमध्ये स्तनाच्या पेशी नीटस पोकळ गोळे करून राहतात. जेल कडक केलं की ती घडी विस्कटते आणि वाढ बळावते. म्हणजे टणकपणा आजाराला हातभारही लावतो. पण म्हणून हाताला लागणारी प्रत्येक कडक गाठ कर्करोगाचीच असते असं मुळीच नाही; तपासणी मात्र लांबवू नये.

‘आता प्राण्यांवरचे प्रयोग संपले’ हेही खरं नाही. मार्च 2023 मध्ये भारताने औषधचाचणीचे नियम बदलून मानवी पेशींच्या त्रिमितीय नमुन्यांना आणि चिपवर घडवलेल्या अवयवांच्या छोट्या प्रतिकृतींना जागा दिली. पाऊल मोलाचं आहे. पण जेलच्या साध्या तुकड्यात वाहतं रक्त नसतं, औषध पचवणारं यकृत नसतं. आणि त्रिमितीय पेशींसाठी जगभर वापरलं जाणारं मॅट्रिजेल नावाचं जेल आजही उंदराच्या गाठीतूनच काढलं जातं. त्याच्या जागी पूर्णपणे कृत्रिम जेल आणण्याची खटपट अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.