दिवा विझला, हवा भरली नाही

थंडीच्या पहाटे गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागतो आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर तो आपोआप विझतो. सेन्सर बिघडला असेल, असं म्हणून पुष्कळजण विषय सोडून देतात. गणित मांडून पाहिलं तर मात्र दिवा खरं सांगत असतो, तेही उशिरा. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. म्हणजे विदर्भात डिसेंबरच्या दुपारी ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटे १० अंशांना ३० वर येईल. इशाऱ्याची पातळी याहून बरीच खाली असते. फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला. त्याखालच्या नियमानुसार दाब २५ टक्के घटला की इशारा द्यावाच लागतो. ३३ च्या टायरला ही पातळी २५ पीएसआयच्या आसपास येते. नुसत्या थंडीने ३३ चे २५ होत नाहीत. पहाटे २५ असलेल्या टायरमध्ये आदल्या दुपारीही २८ च्या आसपासच हवा होती. थंडीने ती उणीव फक्त उघड केली. पुढे चालून टायर तापतो, दाब वर सरकतो आणि दिवा विझतो. हवा मात्र तेवढीच राहते.

यावर एक ठाम आक्षेप असतो : गरम होऊन दाब वाढतोच, तर उन्हाळ्यात, लांबच्या प्रवासाला हवा थोडी कमी ठेवलेलीच बरी. हा समज धोक्याचा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला दाब थंड टायरचा असतो आणि चालताना होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि या दबण्या-सुटण्यातूनच उष्णता तयार होते. ताशी १२० किलोमीटर वेगाला मोटारीचं चाक सेकंदाला सतराच्या आसपास फेरे घेतं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर हे तासन् तास चालतं. फुटण्याच्या भीतीने हवा कमी ठेवलेला टायर फुटण्याचीच तयारी करत असतो.

मग दिवा बंद म्हणजे सगळं ठीक, असं समजावं का? तेही नाही. अनेक गाड्यांत टायरच्या आत दाब मोजणारं काही नसतं. कमी हवेचा टायर किंचित दबून जरा वेगाने फिरतो, म्हणून एबीएसचे सेन्सर चारही चाकांच्या वेगाची तुलना करतात. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर साध्या तुलनेला फरक सापडत नाही. कमी हवेवरच रीसेटचं बटण दाबलं तर गाडी तोच दाब योग्य धरून चालते. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी चालवण्याआधी, गेज लावून हवा तपासायला हवी. ३३ ते २५ या पट्ट्यात टायर वेडावाकडा झिजतो, इंधन जास्त जळतं आणि दिवा गप्प असतो. तो पट्टा राखण्याचं काम गेजचंच आहे.