हिऱ्यातील अणुकेंद्रीय परिवलनाचे संवेदन

नैसर्गिक हिऱ्यात सुमारे १.१ टक्के अणू कार्बन-१३ चे असतात. त्यांच्या अणुकेंद्रांना परिवलन, म्हणजेच स्पिन, असते. कार्बन-१२ ला ते नसते. हे क्षीण चुंबकत्व टिपण्यास हिऱ्यातील एक दोषच उपकारक ठरतो: कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिक्त. हिरव्या लेसरखाली हा दोष तांबडा प्रकाश देतो. त्याची तीव्रता तेथील इलेक्ट्रॉनाच्या परिवलनावर अवलंबून असते. सूक्ष्मतरंगांचे स्पंद नेमक्या अंतराने दिल्यास इलेक्ट्रॉनावर जवळच्या अणुकेंद्राचा प्रभाव उमटतो. एरवी हीच अणुकेंद्रे इलेक्ट्रॉनाची क्वांटम अवस्था विस्कटतात. ओळखून नियंत्रणात आणल्यास मात्र ती माहिती साठवतात. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे अतिशीत हिऱ्यात अशी स्मृती सुमारे एक मिनिट टिकली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत याच दोषांच्या साहाय्याने चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे संशोधन चालते.