स्टार स्कीमा: आधी एक ओळ कशाची ते ठरवा

आजचा विषय स्टार स्कीमा. मधे फॅक्ट टेबल, त्यात मोजायचे आकडे. भोवती डायमेन्शन टेबलं: तारीख, दुकान, वस्तू, ग्राहक. चित्र चांदणीसारखं दिसतं, म्हणून स्टार. पण स्कीमा चांगला आहे का, हे चित्र बघून कळत नाही.

राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत क्रम असा: आधी व्यवहार निवडा, मग ग्रेन, मग डायमेन्शन, शेवटी फॅक्ट. ग्रेन म्हणजे फॅक्ट टेबलातली एक ओळ नक्की कशाची. समजा, किराणा दुकानाच्या एका बिलात तांदूळ, तेल, साबण आणि घरपोच पोचवायचे ४० रुपये आहेत. ग्रेन आहे ‘बिलातली एक वस्तू’, आणि ते ४० रुपये तिन्ही ओळींवर लिहिले, तर बेरीज येते १२०. क्वेरी बिनचूक, उत्तर चूक! एकतर ते ४० रुपये तीन ओळींत वाटून द्या, नाहीतर बिलासाठी वेगळं फॅक्ट टेबल करा.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे वसईतलं दुकान जागचं न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. डायमेन्शनमध्ये जिल्ह्याचं नाव नुसतं खोडून बदललं, तर २०१३ ची विक्रीही पालघरच्या नावावर जाते. तेव्हा तो जिल्हाच नव्हता! यावर उपाय टाइप २: जुनी ओळ ३१ जुलैला बंद करायची, नवी ओळ नव्या सरोगेट कीसह उघडायची. जुनी विक्री जुन्या कीलाच जोडलेली राहते. आजच्या नकाशाप्रमाणे तुलना हवी असेल, तर ‘सध्याचा जिल्हा’ असा आणखी एक कॉलम ठेवा.

मी स्कीमा तपासतो तेव्हा तीन गोष्टी बघतो. एकूण विक्री मूळ बिलिंग सिस्टिमशी जुळते का? एकेक डायमेन्शन जोडल्यावर बेरीज बदलते का? गेल्या वर्षीचा रिपोर्ट आज चालवला, तर तेच आकडे येतात का?

क्वेरीचा वेग नंतर वाढवता येतो हो. पण याच आकड्यांवर कुणाचा बोनस ठरतो, कुठलं दुकान बंद करायचं ते ठरतं. चुकीचा आकडा एरर देत नाही, तो गुपचूप मीटिंगमध्ये जाऊन बसतो.

चला, भेटू पुढच्या भागात!