मूल बोलत नाही? वाट पाहू नका, तपासून घ्या

यंत्रमागांच्या भिवंडीत एकाच चाळीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चार भाषा कानांवर पडतात. तिथे दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर कारण सांगणारे दहा जण भेटतात. त्यांच्यावर विसंबून राहिल्याने स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, निदान लांबते.

गैरसमज : घरात खूप भाषा आहेत, म्हणून गोंधळलाय. बापही उशिराच बोलला होता.

वस्तुस्थिती : अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्नता होत नाही. बोलण्यापलीकडेही पाहावे लागते. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघते. दीड वर्षाचे मूल आकाशातले विमान आईलाही दिसावे म्हणून बोट दाखवते. हे होत नसेल किंवा येत असलेले शब्द थांबले असतील, तर थेट डॉक्टरांकडे जावे. कानांची तपासणीही करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.

गैरसमज : रक्त तपासले, एमआरआय काढला की कळते.

वस्तुस्थिती : स्वमग्नता अशा तपासणीत दिसत नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ ही 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. पालक त्यांची हो-नाही उत्तरे देतात. ही फक्त प्राथमिक चाळणी आहे. तीत धोका दिसला म्हणजे निदान झाले असे नाही. निदान तज्ज्ञच करतात, मुलाचे खेळणे-वागणे पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलून.

गैरसमज : गोवराच्या लशीने हे होते.

वस्तुस्थिती : हा संशय पसरवणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचा 1998 मधला लेख अवघ्या 12 मुलांवर आधारलेला होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 च्या अभ्यासातही लशीशी संबंध आढळला नाही. गोवर मात्र खराच घातक आहे. 2022 मध्ये भिवंडीने त्याची साथ सोसली आहे.

गैरसमज : आईने लक्ष दिले नाही.

वस्तुस्थिती : आईला दोषी धरणारा सिद्धान्त विज्ञानाने कधीच मोडीत काढला. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

गैरसमज : ही तपासणी म्हणजे पैसेवाल्यांचे काम.

वस्तुस्थिती : सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. या कार्यक्रमाची सुरुवातच 6 फेब्रुवारी 2013 रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुलांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही तिला मान्यता दिली आहे.

पुढच्या वेळी पथक अंगणवाडीत येईल, तेव्हा मनातली शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोलण्या-खेळण्याच्या थेरपीसाठी पक्क्या निदानापर्यंत थांबावे लागत नाही.