पाबळचा घुमट

उद्योजक वाढवायचे म्हणजे भांडवल पुरवायचे, अशी आपल्या सरकारी योजनांची समजूत आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या कोरडवाहू गावातला विज्ञान आश्रम ती खोडून काढतो. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना इथे वर्षभर वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन असे सगळेच शिकवले जाते, आणि तेही गावाची खरी कामे करत. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. तिचे कौतुक पुष्कळ झाले; मला मात्र आश्रमाचा घुमट अधिक महत्त्वाचा वाटतो.

मुलांनी लोखंडी तुकड्यांचे त्रिकोण जोडून या घुमटाचा सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी बांधून सिमेंटचा गिलावा द्यायचा. आत खांब नाही, तुळई नाही. त्रिकोणाच्या बाजू ताठ असल्या की तो आकार बदलत नाही, म्हणून थोड्या साहित्यात मजबूत छप्पर होते. पण हा घुमट चूक पोटात घालत नाही. तुकड्यांच्या लांबी दोन-तीनच प्रकारच्या असतात. कापताना किंवा भोक पाडताना थोडे थोडे चुकत गेले की शेवटचा त्रिकोण जुळतच नाही. वहीतली भूमिती इथे पैशांशी बांधली जाते, कारण वाया गेलेल्या लोखंडाचा हिशेबही मुलांनाच मांडायचा असतो. मोजमाप, खर्चाचा अंदाज, गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळणे, हे उद्योजकाचे खरे भांडवल आहे आणि ते कोणतीही बँक देत नाही.

गरिबांच्या मुलांना हातकाम आणि इतरांना पुस्तके, ही जुनी विभागणीच अशा शिक्षणातून पक्की होते, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. आश्रमाने हीच पद्धत ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) या नावाने शाळांच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत नेली, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे अजून मिळालेले नाही, कारण सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या शाळा अशा कामाकडे क्वचितच वळतात. दुसरी अडचण शिक्षकांची. वेल्डिंग येते आणि त्यामागचे विज्ञानही सांगता येते, अशी माणसे थोडी. अशांना कारखान्यात चांगला पगार मिळतो, मग शाळेत तुटपुंज्या मानधनावर ती का थांबतील? शिवाय शिकून गेलेल्या मुलाने गावात दुकान टाकले, तरी गावाच्या हाती पैसा नसेल तर गिऱ्हाईक कुठून येणार? इथे कर्ज लागतेच, रस्ता आणि वीजही लागते. एकट्या शिक्षणाने हे सुटणार नाही. तरीही क्रम महत्त्वाचा आहे. काम न येणाऱ्याच्या हाती आधी कर्ज ठेवले तर पदरी फक्त हप्ते पडतात. म्हणून स्टार्टअपच्या घोषणा करणाऱ्या शासनाने आधी प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी शाळेत चालू कार्यशाळा आणि पूर्ण पगाराचा निदेशक द्यावा.